कालनिर्णयवर एकाहत्तर रेघा

परवा गराज आवरताना एका खोक्यात २००२ सालचं कालनिर्णय सापडलं. दीर तेव्हा इकडे आले होते, त्यांनी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून आणलेलं. अजून कडेला तेलाचा डाग आहे. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंतच्या रविवारांत निळ्या पेनने उभ्या रेघा ओढलेल्या. कुठे दोन, कुठे चार, एका चौकोनात तर रेघा मावेनात म्हणून तिथीवर चढलेल्या. आणि शेवटच्या पानावर, ३१ डिसेंबरला, मंगळवारी, एक जुडगा. चार उभ्या, एक आडवी. तो माझ्या हातचा नाही.

मुलीनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, खाडे. तिला खाडे माहीत असायचं कारण नाही. माझी आई कोल्हापुरात भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडायची. म्हैसवाला आला नाही की फुली, अर्धा लिटर जादा घेतलं की रेघ, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्याशी हुज्जत. मी इथे ह्यूस्टनमध्ये त्याच पद्धतीनं, आमच्या नव्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, दर रविवारी किती वेळा उताणं पाडलं, ते मांडत होते.

सांगते.

आम्ही शुगर लँडमध्ये एका अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. गाडी एक, ती नवरा घेऊन जाणार. खालच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, मला नावानं हाक मार. आता ऐंशीला टेकलेल्या बाईला नावानं हाक मारायची म्हणजे जीभ उचलेना. मग मी त्यांना कशानंच हाक मारायची नाही. समोर जाऊन उभी राहायची. घरात मात्र आम्ही त्यांना ‘खालच्या आजी’ म्हणत होतो.

आजींच्या दिवाणखान्यात टीव्हीवर दोन निळे कागदी गोंडे ठेवलेले असायचे. ते ऑइलर्सचे. ऑइलर्स म्हणजे ह्यूस्टनची जुनी फुटबॉल टीम. १९७८-७९ च्या सुमारास बम फिलिप्स त्यांचा कोच होता, अर्ल कॅम्पबेल चेंडू घेऊन धावायचा, आणि ॲस्ट्रोडोममध्ये हजारो लोक असे गोंडे हलवत ‘लव्ह या ब्लू’ म्हणून ओरडायचे. त्या काळी दोन वर्षं लागोपाठ ही टीम सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडे आली आणि दोन्ही वेळा पिट्सबर्गनं त्यांना आडवं केलं. दुसऱ्या वेळी, जानेवारी १९८० मध्ये, माइक रेनफ्रोनं टोकाच्या चौकटीत एक झेल घेतला होता. पंचांनी दिला नाही. रिप्ले बघून निकाल फिरवायची सोय तेव्हा नव्हती. बावीस वर्षांनीसुद्धा आजी हे सांगताना दोन्ही हात पुढे करून, पाय कसे आत होते ते चटईवर उभ्या राहून दाखवायच्या.

पुढे मालक आणि शहराचं स्टेडियमवरून बिनसलं, आणि १९९६ चा हंगाम संपल्यावर टीमच उचलून टेनेसीला नेली. आधी नाव तेच ठेवलं, मग १९९९ मध्ये टायटन्स केलं. मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कळेचना. टीम उचलून नेतात? आमच्याकडे पाटाकडील म्हणजे पाटाकडील, खंडोबा म्हणजे खंडोबा. तालमीच्या नावानं पेठ भांडते, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरातलं जेवणसुद्धा त्या वेळेप्रमाणे होतं. शिवाजी पेठ उचलून कुणी सोलापूरला नेली असं कधी होईल का? आजी म्हणाल्या, इथे होतं, हनी. पाच हंगाम या शहरात रविवारी काहीच नव्हतं.

म्हणून २००२ चा तो हंगाम. बॉब मॅकनेअर नावाच्या उद्योगपतीनं ७० कोटी डॉलर मोजून नवी टीम घेतली होती. ७० कोटी फक्त टीम काढायच्या हक्काचे. त्यात ना एक खेळाडू, ना एक चेंडू. ॲस्ट्रोडोमच्या शेजारी नवं स्टेडियम बांधलं, त्याचं छप्पर सरकवून उघडता येतं, तसलं छप्पर या लीगमध्ये पहिलंच. नाव टेक्सन्स. चिन्ह बैलाचं मुंडकं, डोळ्याच्या जागी चांदणी. नुकताच पोळा होऊन गेला होता, त्यामुळे मला ते चिन्ह लगेच आवडलं, हे खरं कारण सांगते. बाकी मला काहीच कळत नव्हतं.

८ सप्टेंबरला पहिली मॅच, तीही डॅलस काउबॉइजशी. मंगळवारी गणपती. माझं मखर अर्धं राहिलेलं. आजींनी खालून हाक मारली, मॅच बघायला ये. मी थर्माकोल, कटर आणि कालनिर्णय (सोमवारी हरतालिका की मंगळवारी, यावर नवऱ्याशी वाद चालू होता) असं सगळं घेऊन खाली गेले. त्यांच्या गालिच्यावर बसून कमानी कापत मी ती मॅच बघितली. थर्माकोलचे पांढरे मणी उडून त्यांच्या निळ्या गोंड्यांना चिकटले, ते पुढे दोन वर्षं तिथेच होते.

आणि टेक्सन्स जिंकले की! टीमच्या आयुष्यातल्या तिसऱ्याच डावपेचाला डेव्हिड कारनं बिली मिलरला १९ यार्डांचा पास दिला, टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाच्या चौकटीत पोचला. नंतर डॅलसनं १०-१० बरोबरी केली. चौथ्या सत्रात कारनं लांब चेंडू फेकला, कोरी ब्रॅडफर्डनं तो घेऊन थेट टोक गाठलं, एकूण ६५ यार्ड. शेवटी सेथ पेन नावाच्या आडदांड गड्यानं डॅलसच्या क्वार्टरबॅकला त्याच्याच गोटात गाठून आपटलं, त्याचे दोन गुण. १९-१०. पहिलीच मॅच जिंकणारी नवी टीम १९६१ च्या मिनेसोटा व्हायकिंग्जनंतर हीच.

त्या शेवटच्या आपटण्याला आजी उठून नाचल्या. ‘सॅक! सॅक!’ मी विचारलं, म्हणजे काय. त्या म्हणाल्या, क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या आत त्याला पाडायचं. मला एकदम खासबाग आठवलं. अहो, हा तर पट काढणं! वडील आम्हाला तिथे कुस्त्या बघायला न्यायचे, आणि पट काढून समोरच्याला उचलला की हलगी कशी वाजायची. मी आनंदानं कालनिर्णयवर त्या रविवारच्या चौकोनात एक रेघ ओढली. ती पहिली.

त्या रात्री शहर रस्त्यावर आलं होतं. मला वाटलं, किती सोपं आहे हे.

पुढच्या रविवारी सॅन डिएगोत २४-३. पट काढले ते सगळे आमच्याच पोराचे. आजी सोफ्यावर गप्प. त्या म्हणाल्या, आता मोज, नाहीतर कोणाला खरं वाटणार नाही. मी पेन आणायला वर गेले, तेवढ्यात एक झाला. त्या चौकोनातल्या रेघा तिथीवर चढल्या त्या याच.

मग इंडियानापोलिसशी २३-३. फिलाडेल्फियाला ३५-१७. बफेलोशी हरले, क्लीव्हलंडला हरले. मधे जॅक्सनव्हिलला दोन गुणांनी जिंकले, तेव्हा मी वर शिरा केला होता तो खाली नेला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सिनसिनाटीची टीम आली. तिनं त्या हंगामात तोवर एकसुद्धा मॅच जिंकली नव्हती. तिनं ३८-३ नं धुतलं. आजींनी दुसऱ्या सत्रातच टीव्ही बंद करून कपाट आवरायला घेतलं. त्या दिवसाच्या रेघा अर्धवट आहेत.

बघता बघता मला खेळ कळायला लागला, आणि तो उलट्या बाजूनं कळला. लोक क्वार्टरबॅककडे बघतात, चेंडूकडे बघतात. मी त्याच्या पुढच्या पाच जणांकडे बघायला लागले. ही पाच माणसं म्हणजे तटबंदी. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात, ते तीन सेकंद या पाच जणांनी कमवून द्यायचे. गंमत अशी की त्यांनी समोरच्याला धरायचं नाही. कुस्तीत धरल्याशिवाय सुरुवात होत नाही, इथे धरलं की दंड, दहा यार्ड मागे. नुसतं छातीनं, तळहातानं थोपवायचं. आणि कार उजव्या हातानं फेकणारा. उजवा हात मागे नेला की त्याचं अंग उजवीकडे वळतं, पाठ डावीकडे उघडी पडते. म्हणून डाव्या टोकाचा गडी, लेफ्ट टॅकल, हा सगळ्यात मोलाचा. त्याला कोणी ओळखत नाही, पण क्वार्टरबॅकचं डोकं शाबूत राहतं ते त्याच्यामुळे.

तर तो गडी टेक्सन्सकडे होता. म्हणजे कागदावर होता. आणि माझ्या मते अख्ख्या हंगामाची कथा तिथेच आहे.

नव्या टीमला खेळाडू मिळावेत म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये ‘एक्सपान्शन ड्राफ्ट’ झाला होता. जुन्या टीमांनी आपले काही खेळाडू मांडून ठेवायचे, नव्या टीमनं त्यातून उचलायचे. आता कोण कशाला आपला खणखणीत माल मांडेल? महाग झालेले, वय झालेले, दुखणं लागलेले. आमच्याकडे आहेरात फिरणाऱ्या साड्या असतात ना, तसं. पण फिरवलेल्या आहेरातही कधीकधी एखादी पैठणी निघते. टेक्सन्सनी सगळ्यात पहिलं नाव घेतलं ते टोनी बोसेलीचं. जॅक्सनव्हिलचा लेफ्ट टॅकल, आपल्या काळातल्या सगळ्यात भारी लेफ्ट टॅकल्सपैकी एक. जॅक्सनव्हिललाही तो १९९५ मध्ये, ती टीम नवी असताना, त्यांच्या पहिल्या निवडीतच मिळालेला. त्याच्या पगाराचं ओझं त्यांना पेलेना म्हणून मांडला. खांदा दुखावलेला होता, ते सगळ्यांना माहीत होतं. बरा होईल असा हिशेब.

खांदा बरा झाला नाही. ह्यूस्टनच्या टीमनं घेतलेला पहिला खेळाडू ह्यूस्टनसाठी एकही मॅच खेळला नाही. पुढच्या वर्षी त्यानं निवृत्ती घेतली. २०२२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा टीव्हीवर जॅक्सनव्हिलचीच चित्रं दाखवली, आणि बरोबरच होतं ते.

त्याच्या जागी जी डावी बाजू उभी राहिली, तिच्यात चेस्टर पिट्स नावाचं नवं कोरं पोरगं होतं. त्यानं शाळेत फुटबॉल खेळलाच नव्हता. शाळेत तो ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य, दुहेरी पत्तीचं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, मग वाईट वाटलं. सनई वाजवणाऱ्याला खासबागेत उतरवलंय आणि वर त्याला म्हणतायत, मागच्या पोराला कोणी हात लावता कामा नये. पिट्सला मी तेव्हा फार बोलले. चुकलं माझं. पुढे तो वर्षानुवर्षं न चुकता प्रत्येक मॅचला उभा राहिला. पण त्या वर्षी त्याच्या अंगावरून लोक नदीच्या पुरासारखे जायचे.

आणि कार. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, २३ वर्षांचा, कॉलेजमधून आलेल्या सगळ्या पोरांत पहिल्या नंबरानं उचललेला, आठ नंबरचा शर्ट. दर वेळी पडायचा, एक क्षण आकाशाकडे बघायचा, हेल्मेटमधलं गवत काढायचा आणि परत रिंगणात जाऊन पुढचा डाव सांगायचा. आजी म्हणायच्या, बघ, त्या पाच जणांवर एकदासुद्धा ओरडला नाही. टीव्हीवर कोण काय बोलतं ते थोडंच ऐकू येतं? पण आम्ही तसं ठरवून टाकलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी टेनेसीत टायटन्सशी मॅच. मी चकल्या आणि चिवडा घेऊन खाली गेले. आजी म्हणाल्या, बाकी पंधरा हरले तरी चालेल. हीच नेमकी १७-१० नं गेली. आजींनी अर्धी चकली ताटलीत ठेवली ती तशीच राहिली. मग न्यूयॉर्क जायंट्सशी घरच्या मैदानावर १६-१४ नं जिंकले, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

तो खुलला ८ डिसेंबरला. पिट्सबर्ग.

या मॅचबद्दल मी आजवर मंडळात, ऑफिसात, सासरी, कुठेही सांगितलं की लोकांना वाटतं मी काहीतरी चुकीचं सांगतेय. टेक्सन्सच्या चेंडू खेळणाऱ्या बाजूनं त्या अख्ख्या दिवसात मिळून ४७ यार्ड मिळवले. सत्तेचाळीस. मैदान शंभर यार्डांचं असतं. म्हणजे तीन तासांत सगळं जोडून अर्ध्या मैदानापर्यंतसुद्धा गेले नाहीत. पिट्सबर्गनं ४२२ यार्ड मिळवले. आणि टेक्सन्स २४-६ नं जिंकले.

कसे? समोरच्याच्या हातून सुटलेला चेंडू केनी राइटनं उचलला आणि ४० यार्ड पळत नेला. टॉमी मॅडॉक्सचा पास ॲरन ग्लेननं मधल्यामध्ये झेलला आणि ७० यार्ड नेला. मग तोच ग्लेन, तसाच पास, ६५ यार्ड. तीन टचडाउन आणि एकातही कारचा हात नाही. उरलेले तीन गुण ख्रिस ब्राउनच्या किकचे, आणि हा ब्राउन आदल्या वर्षापर्यंत पिट्सबर्गचाच किकर. ग्लेन ह्यूस्टनजवळच्या हंबल गावचा, आणि आला कुठून? त्याच फिरवलेल्या आहेरातून! न्यूयॉर्क जेट्सनी मांडून ठेवलेला. आणि पैठणी निघाली ती ही.

दुसऱ्या वेळी ग्लेन पळायला लागला तेव्हा आजी उभ्या राहिल्या नाहीत, बसूनच राहिल्या. टीव्हीवरचा एक गोंडा काढून मांडीवर घेतला. मी विचारलं, बरं वाटतंय ना? त्या म्हणाल्या, रेनफ्रोचे पाय आत होते. बस्स. मग पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. त्या चौकोनात मी किती रेघा मारल्या ते आता मोजलं, पण माझा त्यावर विश्वास नाही, कारण त्या मॅचला माझं लक्ष कारकडे नव्हतंच.

शेवटची मॅच २९ डिसेंबरला घरी, परत टायटन्सशीच. आजींच्या भाच्यानं दोन तिकिटं दिली आणि आम्ही गेलो. पार्किंगमध्ये मैलभर धूर, गाड्यांच्या मागे शेगड्या लावून लोक सकाळपासून मांस भाजत बसलेले. मी डब्यात भडंग नेला होता. शेजारच्या गाडीवाल्यांनी तो खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी परत हात पुढे केला, आणि आजींनी माझी ओळख ‘ही सॅक मोजते’ अशी करून दिली. नव्या स्टेडियमच्या शेजारी ॲस्ट्रोडोम उभा होता, एकेकाळी ज्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हणायचे तो. आजींनी त्याच्याकडे बघणं टाळलं.

टीव्हीवर एक गोष्ट ऐकू येत नाही. सॅक झाला की आवाज होतो. खांद्याच्या पॅडचा प्लास्टिकचा खडाक, आणि त्यामागोमाग सत्तर हजार लोकांचा सुस्कारा. पहिल्या वेळी मी पर्समधून पेन काढलं आणि परत ठेवलं. तिथे बसून रेघा मारणं बरं वाटेना. १३-३ नं हरलो. हंगाम चार विजय, बारा पराभव.

मंगळवारी पेपरात हंगामाचा हिशेब आला. कारला ७६ वेळा पाडलं होतं. लीगच्या इतिहासात एका हंगामात कुणालाच इतकं पाडलं नव्हतं. १९८६ मध्ये रँडल कनिंगहॅमला ७२ वेळा पाडलं होतं, तो विक्रम मोडला. आणि हा पोरगा सोळाच्या सोळा मॅचना उभा होता. मी पेपर आणि कालनिर्णय घेऊन खाली गेले. आजींच्या टेबलावर आम्ही रेघा मोजल्या. दोनदा मोजल्या. एकाहत्तर.

आजी म्हणाल्या, पाच कुठे गेले? मी सांगितलं, एक पेन आणायला गेले तेव्हाचा असेल, सिनसिनाटीला तुम्ही टीव्ही बंद केला, गणपती विसर्जनाला मी अर्धी मॅच बघितली नाही. आणि माझी आई दूधवाल्याशी अशा वेळी काय करायची तेही सांगितलं. त्याचा आकडा आणि आपला आकडा जुळला नाही की ती चहा टाकायची आणि त्याचाच मान्य करायची.

आजींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या दिवसाच्या चौकोनात, मंगळवारी, चार उभ्या आणि त्यांना छेदून एक आडवी अशी रेघ ओढली. इथले लोक तशाच मोजतात. मग त्या चहा टाकायला उठल्या.

खरं तर सहा हव्या होत्या. पहिली रेघ मी सेथ पेनच्या नावानं ओढलेली, ती कारची नव्हतीच. मी आजींना सांगितलं नाही.